खान्देशी कारागृह शिपाई : लक्षणे, गिनती आणि निष्काम कर्म

मराठी भाषेने बंदिशाळेला जितकी नावे दिली तितकी ती राखणाऱ्या माणसाला दिली नाहीत, ही गोष्ट अभ्यासकांनी नोंद घेण्याजोगी आहे. 'कारागृह' हा शब्द संस्कृतातून आला, 'कैदखाना' अरबी-फारसीतून आणि 'जेल' इंग्रजीतून आला. 'तुरुंग' हा ऐकायला अस्सल मराठी वाटणारा शब्दही पोर्तुगीजांच्या 'त्रोंको'पासून आल्याचे मानले जाते. या भूमीवर आलेल्या राज्यकर्त्यांनी जाताना काय काय नेले याविषयी इतिहासकारांत वाद असले, तरी माणसे कोंडण्याच्या जागेसाठी प्रत्येकाने एकेक शब्द मागे ठेवला याविषयी वाद नसावा. लोकांनी त्यात 'सरकारी पाहुणचार', 'बिनभाड्याची खोली' अशी स्वतःची भर घातली आणि 'तो सध्या आत आहे' या वाक्यातील 'आत' या साध्या क्रियाविशेषणाला संपूर्ण पत्त्याचा दर्जा दिला. आतल्या माणसासाठीही कैदी, बंदी, बंदिवान, जन्मठेपी अशी शब्दसंपत्ती विपुल आहे. परंतु त्याच भिंतींच्या आत, त्याच कुलपांच्या सहवासात आयुष्य काढणारा जो दुसरा माणूस असतो, त्याला शासन 'कारागृह शिपाई' म्हणते आणि लोक 'जेलपोलीस' म्हणतात. यांपैकी पहिले नाव कोणी उच्चारत नाही आणि दुसरे खरे नाही.

दुसरे खरे नाही, कारण कारागृह शिपाई हा पोलीस नव्हे. दोघांचा गणवेश खाकी असतो आणि दोघेही गृह विभागाच्याच छत्राखाली येतात हे खरे असले, तरी पोलीस दल वेगळे आणि पुण्याला मुख्यालय असलेला 'कारागृह व सुधारसेवा' हा विभाग वेगळा. पोलिसाने माणूस शोधून आणायचा असतो आणि कारागृह शिपायाने आणलेला माणूस हरवू द्यायचा नसतो. त्यामुळे माणूस सापडला की पोलिसाचे छायाचित्र छापून येते, आणि माणूस सापडेनासा झाला तरच कारागृह शिपायाचे येते. हा सूक्ष्म भेद पारोळ्याच्या किंवा शिरपूरच्या आठवडे बाजारात समजावून सांगणे आजवर कोणालाही साधलेले नाही. गावाकडच्या हळदीच्या पंगतीत खाकीतला नातेवाईक दिसला, की जळगावच्या आकाशवाणी चौकात अडवलेली मोटारसायकल आणि धुळ्याच्या पाच कंदिलाजवळ फाडलेली पावती या दोन्ही प्रकरणांचा निकाल त्याच्याकडूनच मागितला जातो. आपल्याला मोटारसायकलच काय, कोणालाच सोडण्याचा अधिकार नाही, सोडण्याचा हुकूम न्यायालयाचा असतो आणि आपल्याकडे केवळ किल्ली असते, असे त्याने नम्रपणे सांगितले तर 'भाऊ मोठा माणूस झाला, आता ओळख ठेवत नाही' असा निष्कर्ष काढून पंगत पुढच्या वाढप्याकडे वळते.

विवाहसंस्थेत या व्यवसायाने निर्माण केलेला व्याकरणाचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. मुलगा तहसिलीत असतो, बँकेत असतो, एसटीत असतो, अशा वाक्यांना मराठीत काही बाध येत नाही. परंतु 'मुलगा जळगावच्या जेलमध्ये असतो' हे वाक्य मध्यस्थाने पुरे करताच मुलीच्या बापाच्या हातातील बशी जागच्या जागी थांबते. म्हणून अनुभवी मध्यस्थ या वाक्यात 'नोकरीला' हा शब्द कर्त्याच्या लगेच नंतर आणि शक्य तितक्या मोठ्याने घालतात, आणि तरीही आतून 'परमनंट ना?' असा प्रश्न येतोच, ज्याचे उत्तर कोणत्या अर्थाने द्यावे हे मध्यस्थाला काही काळ कळत नाही.

या सेवेतील पदांची उतरंड शिपायापासून सुरू होते. त्याच्यावर हवालदार, हवालदारावर सुभेदार, सुभेदारावर तुरुंगाधिकारी, म्हणजे लोकभाषेतला जेलर, आणि या सर्वांवर अधीक्षक. 'हवालदार' या शब्दाचा मूळ अर्थ ज्याच्या हवाली काही केले आहे असा माणूस. सैन्यात आणि पोलिसांत हा शब्द केवळ हुद्दा होऊन उरला. कारागृहात मात्र त्याचा मूळ अर्थ धडधाकट जिवंत आहे, कारण येथे हवाली केलेली चीज चालती-बोलती असते, ती रोज मोजून घ्यावी लागते आणि मागितल्या दिवशी जशीच्या तशी परत द्यावी लागते. 'सुभेदार' या शब्दाची कथा त्यामानाने करुण आहे. अकबराने १६०१ साली असीरगड जिंकून फारुकींची राजवट संपवली आणि खान्देश हा मोगल साम्राज्याचा सुभा झाला, तेव्हा बऱ्हाणपुरात बसणाऱ्या सुभेदाराच्या शब्दावर तापीच्या दोन्ही काठांचा मुलूख हलत असे. त्याच खान्देशात आजच्या सुभेदाराच्या शब्दावर हलते ती पहाऱ्याची यादी; आणि रात्रपाळी नको म्हणणाऱ्या शिपायाची सासू खरोखर आजारी आहे की मागच्याच महिन्याची आहे, एवढा निवाडा तो करू शकतो. साम्राज्ये आकसतात ती अशी.

खान्देश जिल्ह्याचे १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, पूर्वेचे मुख्य ठिकाण जळगाव झाले आणि पश्चिमेचे धुळे. आज या दोन्ही शहरांत जिल्हा कारागृह आहे. जिल्हा कारागृह म्हणजे प्रामुख्याने ज्यांचा खटला अजून चालू आहे अशांना ठेवण्याची जागा. लांब मुदतीची शिक्षा लागलेल्यांची रवानगी सहसा नाशिक रोडसारख्या मध्यवर्ती कारागृहात होते, आणि तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या दुय्यम कारागृहाचा कारभार पदसिद्ध अधीक्षक म्हणून तहसीलदाराच्या गळ्यात असतो. उत्पन्नाचा दाखला आणि कोठडी या दोन्ही गोष्टींसाठी एकाच कचेरीकडे पाहावे लागणे हे शेतकऱ्याला पूर्वीपासूनच स्वाभाविक वाटत आले आहे.

या सर्व व्यवस्थेची घटना म्हणजे १८९४ चा कारागृह अधिनियम. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२३ साली राज्यांपुढे नवा आदर्श कायदा ठेवला असला, तरी कारागृह शिपायांच्या चार-पाच पिढ्या वाढल्या त्या या जुन्या कायद्याच्या मांडीवर, आणि तो काळजीपूर्वक वाचणाऱ्यास असे दिसते की त्याने कैद्यापेक्षा जेलरवर अधिक अविश्वास दाखवला आहे. कलम १६ अन्वये, अधीक्षकाने लेखी परवानगी दिली नसेल तर जेलरने कारागृहातच राहिले पाहिजे. कैद्याने आत राहावे हे न्यायाधीश ठरवतो, त्यासाठी पुरावा लागतो, साक्षी होतात, अपील करता येते. जेलरने आत राहावे हे मात्र कायद्यानेच ठरवून टाकले आहे, त्याला ना साक्ष ना अपील. कलम १९ प्रमाणे त्याने लेखी परवानगीवाचून एक रात्रही बाहेर काढायची नाही, आणि अगदीच नाइलाजाने एखादी रात्र बाहेर गेलीच तर ती गोष्ट व तिचे कारण ताबडतोब वरिष्ठांस कळवायचे आहे. हे कलम वाचताना विवाहित वाचकास ते घरगुती कायद्यातून उचलल्याचा भास होतो. कलम २२ ने हाच न्याय खालच्या सर्व कर्मचाऱ्यांना लावला असून रजेवाचून त्यांनी गैरहजर राहायचे नाही. म्हणजे परवानगीवाचून बाहेर जाण्याची मनाई आत असलेल्या सगळ्यांनाच आहे, फरक एवढाच की त्यांपैकी काहींना त्याचा पगार मिळतो.

कारागृहाचे तत्त्वज्ञान समजून घ्यायचे असेल तर त्याचे दार जवळून पाहावे लागते. मोठ्या दरवाजाच्या पोटात एक लहान दार असते, त्याला दिंडी म्हणतात, आणि रोजची सगळी ये-जा या दिंडीतून चालते. दिंडीची उंची अशी की ताठ मानेने तिच्यातून कोणालाही जाता येत नाही. आरोपी वाकतो, वकील वाकतो, तपासणीला आलेला बडा अधिकारी टोपी सावरत वाकतो, आणि समतेचा जो पाठ इतर संस्थांना भाषणांतून शिकवावा लागतो तो येथे सुताराने चौकटीतच बसवून दिलेला आहे. या दाराच्या पुढे दुसरे दार असते, आणि नियम असा की दोन्ही दारे एकाच वेळी कधीही उघडी असता कामा नयेत. बाहेरचे लागल्याशिवाय आतले उघडायचे नाही. त्यामुळे प्रत्येक माणसाच्या वाट्याला काही क्षण असे येतात की तो ना आत असतो ना बाहेर, आणि या अवस्थेचे एकमेव अधिकृत साक्षीदार म्हणजे दारावरचा शिपाई आणि त्याची नोंदवही. कलम २१ ने या शिपायाला आत जाणारी आणि बाहेर येणारी कोणतीही वस्तू तपासण्याचा अधिकार दिला आहे. 'कोणतीही' या शब्दाचा अर्थ तो शब्दशः घेतो. साबणाची वडी हातात आली तर तिच्यातून तार आरपार जाते, चपलेचा तळवा दुमडून पाहिला जातो, पावडरीचा डबा कानाशी नेऊन हलवला जातो, आणि बनियनची शिवण नाडी पाहणाऱ्या वैद्याच्या बोटांनी इंच इंच चाचपली जाते. राज्यातील काही कारागृहांत चेंडूत अमली पदार्थ भरून ते भिंतीपलीकडे फेकण्याचे प्रकार घडल्यापासून या व्यवसायातील माणसाला क्रिकेटचाही निर्मळ आनंद घेता येत नाही. षटकार गेला की बाकीचे टाळ्या वाजवतात आणि तो चेंडू कोणत्या दिशेला पडला ते पाहून ठेवतो.

या संशयी वृत्तीची मुळे इतिहासात आहेत. शिवाजी महाराज १७ ऑगस्ट १६६६ रोजी आग्र्याहून निसटले, तेव्हा त्यांच्यावर फुलादखानाचा पहारा होता, आणि रोज बाहेर जाणारे मिठाईचे पेटारे पहिले काही दिवस पहारेकरी उघडून पाहत, पुढे पुढे त्यांना कंटाळा आला आणि त्यांनी पाहणे सोडले, असे परंपरा सांगते. प्रत्येक मराठी मूल हा प्रसंग महाराजांच्या बाजूने वाचते आणि अभिमानाने वाढते. कारागृह शिपाईही तसाच वाढलेला असतो. परंतु नोकरीला लागल्यावर तोच प्रसंग त्याला फुलादखानाच्याही बाजूने वाचावा लागतो, आणि असे दोन्ही अंगांनी वाचन करणारा महाराष्ट्रातील तो बहुधा एकमेव वर्ग आहे. म्हणूनच पेढ्यांचा पुडा दिसला की त्याच्या एका डोळ्यात भक्ती आणि दुसऱ्यात चौकशी अहवाल तरळतो.

झडती हा या व्यवसायाचा देह मानला तर गिनती हा त्याचा आत्मा आहे. गिनती म्हणजे ठरल्या वेळी सर्व कैद्यांना मोजणे. सकाळी बराकी उघडताना आणि संध्याकाळी त्या बंद करताना ती होते, मधल्या वेळीही होते; कैदी जोडीजोडीने रांगेत बसतात, शिपाई बोट नाचवत दोनाच्या पाढ्याने पुढे सरकतो, आणि प्रत्येक बराकीचा आकडा वहीत येऊन एकूण बेरीज लागते. ही बेरीज दिसते तितकी सोपी नसते. काल रात्रीच्या आकड्यातून आज सुटलेले वजा करायचे, नवे आलेले मिळवायचे, तारखेला कोर्टात गेलेले, दवाखान्यात दाखल असलेले आणि दुसऱ्या कारागृहात पाठवलेले वेगळे काढायचे, आणि मग वहीतला आकडा आणि रांगेतला आकडा एकमेकांना भेटले पाहिजेत. ते भेटेपर्यंत कोणाचे जेवण नाही, कोणाची सुट्टी नाही, आणि दिवसपाळीच्या शिपायाची शेवटची बस डोळ्यांदेखत निघून जाते. पुष्कळदा असे निघते की एक जण शौचालयात होता, एक जण दोन बराकींच्या मध्ये झाडू मारत होता, किंवा बोट नाचवणाऱ्याला मधेच शिंक आली होती. शिंकेची गणितातील किंमत एक असते, हे इतरत्र कोठे शिकवले जात नाही.

गिनतीच्या शास्त्रात आदर्श म्हणून अभ्यासावे असे प्रकरण पुराणांत आहे. कंसाच्या बंदिशाळेत मध्यरात्री पहारेकरी झोपले, बेड्या गळाल्या, दारे आपोआप उघडली आणि वसुदेव बाळाला घेऊन यमुनेपार गेला, एवढाच भाग कीर्तनकार रंगवून सांगतात. परंतु कारागृह प्रशासनाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब पुढे आहे. वसुदेव परत आला तो एक कन्या घेऊन, आणि त्यामुळे सकाळच्या गिनतीचा आकडा तंतोतंत जुळला. एक गेला, एक आला, बेरीज कायम. चुकला तो फक्त वर्णनाचा रकाना. कैदी आत येताना त्याच्या अंगावरच्या खुणांची नोंद घ्यावी असे १८९४ च्या कायद्याचे कलम २४ सांगते, ते विनाकारण नव्हे.

वेदान्तातही गिनतीचीच एक गोष्ट आहे. दहा जण नदी पार करतात, पलीकडे पोहोचल्यावर सर्व सुखरूप आले का ते मोजतात, आणि मोजणारा प्रत्येक जण स्वतःला मोजायचे विसरल्याने आकडा दर वेळी नऊच भरतो. ते रडू लागतात, तेव्हा वाटेने जाणारा एक शहाणा त्यांना सांगतो की दहावा तूच आहेस, आणि त्यांचे अज्ञान फिटते. कारागृह शिपायाला ही गोष्ट सांगण्यात अर्थ नाही, कारण त्याच्या व्यवसायाने ती उलटी करून ठेवली आहे. तो आयुष्यभर स्वतःला सोडून इतरांना मोजतो, आणि एखाद्या संध्याकाळी त्याला आत्मज्ञान होऊन त्याने स्वतःलाही बेरजेत धरले, तर आकडा एकाने वाढून त्याच रात्री चौकशी सुरू होते.

मोजायची माणसे किती, हा प्रश्न वेगळाच. येथे दोन संज्ञा समजून घ्याव्या लागतात. ज्याचा खटला चालू आहे तो 'कच्चा' कैदी, म्हणजे सरकारी भाषेत न्यायाधीन बंदी. आणि ज्याला शिक्षा लागली तो 'पक्का', म्हणजे सिद्धदोष बंदी. केळीच्या जिल्ह्यात कच्चे आणि पक्के यांतला फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. फक्त केळी चार दिवसांत पिकतात आणि खटल्याला तसा नियम नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांची एकूण क्षमता ४,३६,२६६ होती आणि प्रत्यक्षात आत होते ५,७३,२२०. त्यांपैकी कच्चे ४,३४,३०२. वाचकाने वजाबाकी करून पाहावी : कच्च्यांची सोय लावल्यावर देशभरातील सर्व पक्क्यांसाठी मिळून १,९६४ जागा उरतात. दर सहा कैद्यांमागे पहाऱ्याचा एक कर्मचारी असावा, असे २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत म्हटले आहे. तीत 'असावा' हे क्रियापद विध्यर्थी आहे, आणि विध्यर्थात कर्तव्य, इच्छा, शक्यता आणि आशीर्वाद हे सर्वच अर्थ येतात, हे शालेय व्याकरणात शिकवलेलेच असते.

खान्देशात या व्यवसायाला आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे नात्यागोत्याची. पहारा देणारा अमळनेरकडचा आणि आलेला कैदी साक्रीकडचा असला, तरी पहिल्या 'काय चाली ऱ्हायनं भो?' बरोबर अहिराणी आपले काम सुरू करते. कोणते गाव, कोणाचा मुलगा, तुमच्याकडे आमची आत्या दिलेली, असे तीन प्रश्न झाले की चौथ्याला नाते निघते, आणि निघालेले नाते खान्देशात परत घालता येत नाही. नियमाप्रमाणे शिपायाने कैद्याशी सलगी करायची नाही आणि त्याच्याशी कसला व्यवहारही ठेवायचा नाही. व्यवहार न करणे जमते, परंतु आत्येच्या दिराच्या साडूला 'ए, उठ' म्हणणे जड जाते. म्हणून असे शिपाई कैद्याला दरडावण्यापुरते प्रमाण मराठीत बोलतात आणि समजावायचे असेल तेव्हा अहिराणीत उतरतात. कैद्यालाही हे पक्के ठाऊक असते. शिपायाच्या तोंडून 'कृपया' ऐकू आले की तो ताबडतोब रांगेत बसतो, कारण एवढे शुद्ध मराठी काही गंभीर घडल्याशिवाय निघत नाही.

आहाराच्या बाबतीतही प्रादेशिक दृष्टी ठेवणे भाग आहे. 'फौजदारी डाळ' या नावाचा झणझणीत पदार्थ ज्या प्रांतात घरोघर रांधला जातो, त्या प्रांतातील माणूस फौजदारी कलमाखाली आत आल्यावर त्याच्या ताटात डाळही त्याच कलमाची असावी ही अपेक्षा वावगी म्हणता येणार नाही. परंतु नियमावलीने तोलून ठरवलेल्या आहारातली डाळ, मग कारागृह कोणतेही असो, स्वभावाने दिवाणी असते : पातळ, लांबवलेली, आणि कितीही ढवळली तरी तळाशी काही निष्पन्न न होणारी. या डाळीविषयीची तक्रार सर्वप्रथम ऐकण्याचे भाग्यही शिपायाचेच. तो ती गंभीरपणे ऐकून घेतो, कारण रात्रपाळीच्या डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून आणलेला असला, तरी तो डबा उघडायची वेळ झाली की कोठल्यातरी बराकीतून कोणालातरी पोटात दुखू लागते.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, केळीच्या बागांना वारा लागू नये म्हणून शेतकरी कडेने आडोसा करतो, आणि मनोऱ्यावर पहारा देणाऱ्या शिपायाच्या बाबतीत मात्र वारा लागला तर बरेच अशी स्थिती असते. याच सुमारास आखाजी येते. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खान्देशात तिचा मान दिवाळीएवढा, सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात. सासुरवाशिणीची ही हक्काची रजा कोणती सासू नाकारू शकत नाही. कैद्यालाही कायद्याने रजा ठेवली आहे : चांगल्या वर्तणुकीच्या पक्क्या कैद्याला मिळते ती 'संचित रजा', म्हणजे फर्लो, आणि घरच्या निकडीसाठी मिळते ती 'अभिवचन रजा', म्हणजे पॅरोल, शिवाय शिक्षेत सूट मिळते ती 'माफी'. या तीन संज्ञांचे अर्ज पुढे पाठवण्याची तजवीज ज्या कर्मचाऱ्यांकडून होते, त्यांच्या स्वतःच्या रजेच्या अर्जावर 'मनुष्यबळ अपुरे' असा शेरा येतो. राखीपौर्णिमेला महिला मंडळांच्या भगिनी कारागृहात येऊन कैद्यांना राख्या बांधतात, तेव्हा त्या कार्यक्रमाचा बंदोबस्त करणाऱ्या शिपायाची सख्खी बहीण एसटी स्थानकावर ताट झाकून बसलेली असते. जन्मठेपेच्या कैद्याला खुनासारख्या गुन्ह्यात किमान १४ वर्षे भोगल्याशिवाय सुटकेचा विचार होत नाही. पंचविशीत लागलेल्या शिपायाच्या सुटकेचा विचार ५८ व्या वर्षी होतो, आणि त्यात माफीचे दिवस धरत नाहीत.

असे असूनही ही नोकरी माणसे करतात आणि चोख करतात, याचे स्पष्टीकरण अर्थशास्त्रात सापडत नाही. ते धुळ्याच्या कारागृहाच्या इतिहासात सापडते. विनोबा भावे यांना १९३२ च्या आरंभी जळगावात अटक झाली आणि सहा महिन्यांची शिक्षा देऊन त्यांना धुळ्याच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तेथे त्यांनी २१ फेब्रुवारी १९३२ पासून १९ जून १९३२ पर्यंत दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले : अठरा रविवार, अठरा अध्याय. जमनालाल बजाज श्रोत्यांत होते, आणि साने गुरुजी, जे १९३० साली याच तुरुंगाची पायरी चढून गेलेले होते, ती प्रवचने लिहून घेत होते, म्हणून 'गीता-प्रवचने' हा ग्रंथ झाला आणि देशातल्या अनेक भाषांत गेला. ज्याचा जन्मच बंदिशाळेत झाला त्याचे तत्त्वज्ञान बंदिशाळेतच सांगितले गेले, यात औचित्य होते.

परंतु कारागृहात रविवारची सुट्टी नसते. त्या अठरा रविवारी कोणीतरी दाराशी काठी घेऊन उभा असणारच, कारण मेळावा कशाचाही असो, तो सुरू होण्याआधी आणि संपल्यावर माणसे मोजायची असतात. आत सांगितले जात होते की कर्म करीत राहावे आणि फळाची आशा धरू नये. हे ऐकून श्रोते अंतर्मुख झाले असतील. दाराशी उभा असलेल्याला त्यात नवे काही वाटण्याचे कारण नव्हते. ज्या कामात यश म्हणजे काहीही न घडणे, ज्याच्या उत्तम कामगिरीचा पुरावा म्हणजे काल होता तोच आकडा आजही असणे, आणि ज्याच्या बढतीचे फळ झाडाला दिसते पण हाताला लागत नाही, त्याला निष्काम कर्मयोग ग्रंथातून शिकावा लागत नाही. तो दरमहा वेतनचिठ्ठीसोबत येतो. श्रोत्यांची नावे इतिहासात आहेत, लेखणी कोणाची होती तेही आहे. दाराशी उभा असलेला मात्र वेदान्तातल्या त्या दहाव्यासारखा मोजायचा राहून गेला, आणि या वेळी तर तो स्वतः नव्हे, मोजणारा इतिहास विसरला.

तेव्हा 'गीता-प्रवचने' पुन्हा हातात घेणाऱ्या वाचकाने श्रोत्यांच्या संख्येत एक मिळवून वाचावे. या एका बेरजेची चौकशी होणार नाही.